प्लेगची लस शोधणारे हाफकिन

सोलापूर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यात बार्शी तालुका शोधा. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तो सापडेल. त्याच्या भोवती परांडा, भूम, कळंब, धाराशिव ही नावे दिसतील. आज बार्शीहून या गावांना एस.टी.ने जाताना तुम्हांला वाटेत कोणी अडवत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र असे नव्हते. बार्शी होती इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि ही शेजारची गावे होती हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. बार्शीहून बैलगाडी थोडी पुढे गेली की हद्द लागे. अलीकडे इंग्रजांचा कायदा, पलीकडे निजामाचा. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. (हद्द, मुलूख, कायदा, खबर, इलाज हे शब्द तुम्हांला मराठीत नवे वाटणार नाहीत. ते तुमच्या घरातलेच आहेत. या पाठात ते अनेकदा येतील.)

हद्दीवरच्या गावात व्यापार चांगला चालतो. निजामाच्या मुलखातील कापूस, ज्वारी, तेलबिया बार्शीच्या पेठेत येत. मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर फक्त अडीच फूट होते. लोक तिला बार्शी लाईट म्हणत. कुर्डुवाडीला मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी रेल्वे होती. त्यामुळे बार्शीचा माल मुंबईला आणि मुंबईचा माल बार्शीला लवकर पोचू लागला.

पण त्याच महिन्यांत मुंबईहून आणखी एक गोष्ट बाहेर पडली होती. तिला तिकीट लागत नव्हते आणि हद्दही कळत नव्हती. ती गोष्ट म्हणजे प्लेग. उर्दूत तुम्ही त्याला ताऊन म्हणता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे पहिले रोगी आढळले. मांडवी म्हणजे बंदराजवळचा, धान्याच्या गोदामांचा भाग. तेथे माणसांच्या आधी उंदीर मरू लागले होते, पण त्याचा अर्थ तेव्हा कोणाला उमगला नाही. रोग्याला एकाएकी जोराचा ताप येई. काखेत किंवा जांघेत गाठ उठे. मग तो बरळू लागे आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत दगावे. इलाज कोणालाच ठाऊक नव्हता. भीतीने लोक मुंबई सोडून पळू लागले. काही महिन्यांतच लाखो लोक गावोगाव गेले. जाताना त्यांच्या वळकट्यांबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर रोगही गेला.

या रोगाशी झुंजायला जो माणूस ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आला, त्याची ही गोष्ट आहे. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. तो इंग्रज नव्हता, भारतीय नव्हता आणि वैद्यकीचे शिक्षण घेतलेला डॉक्टरही नव्हता.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन या देशात आहे. त्यांचे कुटुंब यहुदी होते. त्या काळी रशियात यहुदी लोकांना फार त्रास सोसावा लागे. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरे लुटली जात. १८८१ साली ओडेसात असाच हल्ला झाला, तेव्हा तरुण हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले. ते जखमी झाले आणि वर त्यांनाच अटक झाली. त्यांचे गुरू, प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी खटपट केली म्हणून त्यांची सुटका झाली.

हाफकिन यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यात ते इतके हुशार होते की प्राध्यापकाची जागा त्यांना सहज मिळाली असती. अट एकच होती : धर्म बदलायचा. त्यांनी नकार दिला. मग एका संग्रहालयात साधी नोकरी करत त्यांनी काही वर्षे काढली आणि १८८८ साली ते देश सोडून स्वित्झर्लंडला गेले. पुढच्या वर्षी ते पॅरिसला पोचले. तेथे लुई पाश्चर यांची नवी संस्था होती आणि मेचनिकॉव्हही तेथेच काम करत होते. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातील मदतनिसाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचे, असा त्यांचा क्रम असे.

त्या वेळी युरोपात पटकीची साथ होती. पटकी म्हणजे तुमच्या घरी ज्याला हैजा म्हणतात तो रोग. त्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात शोधून काढला होता. या जंतूपासूनच लस तयार करता येईल, असे हाफकिन यांना वाटले. प्राण्यांवर प्रयोग यशस्वी झाले. आता माणसावर करायचा होता. कोणावर? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि गेला. मग त्यांच्या काही मित्रांनी ती टोचून घेतली.

पॅरिसमधील मोठ्या शास्त्रज्ञांना मात्र फारसा विश्वास वाटला नाही. तेव्हा लॉर्ड डफरिन हे पॅरिसला इंग्रजांचे वकील होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याची वाट दाखवली. पटकीने दरवर्षी लाखो माणसे जेथे मरत होती, तेथेच या लशीची खरी परीक्षा होणार होती.

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला आले. येथेही प्रथम कोणी त्यांचे फार स्वागत केले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना वाटे, हा रशियन माणूस येथे कशाला आला? डॉक्टरांना वाटे, हा तर डॉक्टरच नाही! आणि लोकांना वाटे, हा साहेब आपल्या अंगात काय घालतो आहे? तिघांचाही संशय दूर करायचा होता. हाफकिन यांनी चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त अशा भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले. लोकांसमोर ते आधी स्वतःला लस टोचून घेत आणि मग पुढे कोण येतो याची वाट पाहत. जबरदस्ती करत नसत.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्यातील काठालबागान नावाच्या गरीब वस्तीत पटकी आली. तेथील तलावाचे पाणी दूषित झाले होते. वस्तीत सुमारे २०० माणसे राहत होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढच्या दिवसांत तेथे १० जणांना पटकी झाली आणि ७ जण मेले. हे दहाही लस न घेतलेल्यांपैकी होते. हाफकिन यांनी प्रत्येक झोपडीची नोंद ठेवली होती, म्हणून हे सांगता आले. लस शोधण्याइतकेच हे नोंद ठेवणे महत्त्वाचे आहे. एकाच घरातील, एकच पाणी पिणारी माणसे. काहींनी लस घेतलेली, काहींनी न घेतलेली. कोण आजारी पडले, कोण वाचले, हे मोजायचे. औषध चांगले आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ते आकड्यांत दिसले पाहिजे. पुढे पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्या यात्रेकरूंना अनेक वर्षे पटकीची लस टोचली जाई. बार्शी भागातील म्हाताऱ्या माणसांना विचारलेत तर एखाद्याला दंडावरची ती सुई अजून आठवत असेल.

हिंदुस्थानभर फिरून, हिवतापाने आजारी पडून, युरोपात विश्रांती घेऊन हाफकिन १८९६ साली परत आले, तोच मुंबईत प्लेग सुरू झाला. सरकारने त्यांना ताबडतोब बोलावले. ७ ऑक्टोबरला ते मुंबईला पोचले.

त्यांना काय मिळाले? ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर हाफकिन रात्रंदिवस काम करू लागले. मदतनिसांपैकी काही काम सोडून गेले, एकाचे तर डोके फिरायची वेळ आली. प्लेगच्या जंतूंना वाढायला मांसाचा रस लागे. येथे हाफकिन यांचा विचारीपणा पाहा. गाईचे मांस हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचे मुसलमानांना. म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर ते तुपाचे थेंब सोडत. थेंबांखाली जंतू वाढत आणि छतावरून लोंबणाऱ्या धाग्यांसारखे खाली उतरत. ते हलवून पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे. भरपूर वाढ झाली की रस तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. ही झाली प्लेगची लस.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा मुद्दाम मोठी, नेहमीच्या कित्येक पट घेतली. जोराचा ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली, पण काही दिवसांत ते बरे झाले. बार्शीची छोटी रेल्वे सुरू व्हायला तेव्हा दोनच महिने उरले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांना लशीची माहिती दिली. सुमारे दीडशे कैदी आपणहून पुढे आले. त्यांहून थोडे अधिक मागेच राहिले. सगळे एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणारे. पुढे लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना प्लेग झाला, पण दोघेही वाचले. टोचण्याच्या दिवशीच ज्यांना रोग लागलेला होता, ते या हिशेबात धरलेले नाहीत.

आता सरकार काय करत होते ते पाहू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. (हाच कायदा १२३ वर्षांनी, २०२० साली करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला.) या कायद्याने अधिकाऱ्यांना वाटेल ते करता येऊ लागले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा तपासत. संस्थानांनीही आपापल्या हद्दींवर नाकी बसवली. ज्यांना थांबायचे नव्हते ते रात्री आडवाटेने हद्द ओलांडत. पुण्यात रँड या अधिकाऱ्याने गोऱ्या शिपायांना घरांत घुसवले. बायकांची तपासणी, देवघरांत बूट, सामानाची नासधूस. लोक इतके संतापले की २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी विणकरांच्या मदनपुरा भागात तपासणी पथक एका आजारी मुलीला पाहायला आले, त्यावरून दंगल उसळली.

या सगळ्याचा परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. मृत्यू लपवू लागले. रोगाची खबरच मिळेना. माझ्या मते सरकारची सर्वांत मोठी चूक हीच होती. साथीच्या दिवसांत खरी खबर औषधापेक्षाही मोलाची असते, आणि ती शिपाई पाठवून मिळत नाही.

हाफकिन यांना हे कोलकात्यातच कळले होते. त्यांनी विश्वासाचा रस्ता धरला. त्या कामी त्यांना मोठी मदत झाली ती आगाखान यांची. सुलतान मुहम्मद शाह आगाखान हे खोजा मुसलमानांचे इमाम. त्यांचे वय तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या माणसांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे, अनेकदा. मग हजारो खोजा स्त्री-पुरुष लस घ्यायला आले. पुढे हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा कमी पडू लागली, तेव्हा आगाखानांनी आपली खुश्रू लॉज ही इमारत त्यांना वापरायला दिली.

प्लेगला हद्द नव्हती, म्हणून हाफकिन यांनाही हद्दी ओलांडाव्या लागल्या. मुंबईच्या उत्तरेला दमण आहे. ते तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि जमिनीच्या बाजूंना इंग्रजांचा मुलूख होता. १८९७ साली तेथे प्लेग शिरला. पोर्तुगीज सरकारच्या संमतीने हाफकिन तेथे गेले. लहान दमणमधील २,१९७ लोकांनी लस घेतली आणि ६,०३३ लोकांनी घेतली नाही. लस घेतलेल्यांपैकी ३६ जण मेले. न घेतलेल्यांपैकी १,४८२. तुम्ही वहीवर शेकडेवारी काढून पाहा. एका बाजूला शंभरांत दोनही नाहीत, दुसऱ्या बाजूला शंभरांत जवळजवळ पंचवीस.

तरीही शंका घेणारे होतेच. ते म्हणत, लस घेणारे लोक शहाणे आणि सुखवस्तू असतील, म्हणून वाचले असतील. त्यात लशीचे काय? शंका चुकीची नव्हती. तिचे उत्तर मिळाले बडोदा संस्थानातील उंधेरा या खेड्यात. तेथे सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते.

फेब्रुवारी १८९८ मध्ये उंधेऱ्यात प्लेग जोरात होता. गावातील सुमारे ८० माणसे आधीच मेली होती. उरलेल्या साडेनऊशे लोकांना घराघराप्रमाणे उभे करण्यात आले. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचायची आणि निम्म्यांना नाही, असे ठरले. कोणा एका घराला झुकते माप नाही, गरीब-श्रीमंत असा भेद नाही. एकूण ५१३ लोकांना लस टोचण्यात आली.

दीड महिन्याने तपासणी मंडळ पुन्हा गावात आले. प्लेग ज्या घरांत शिरला होता अशी २८ घरे निघाली. त्या घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांतील ३ मेली. न घेतलेली ६४ होती. त्यांतील २६ मेली.

हे आकडे वाचून लस किती उपयोगी होती ते कळते. पण जरा थांबा आणि त्या २८ घरांचा विचार करा. एकाच चुलीवरची भाकरी खाणारी भावंडे. एकाच्या दंडावर सुईची खूण, दुसऱ्याच्या नाही. ज्या आईला लस मिळाली आणि जिच्या मुलाला मिळाली नाही, तिने त्या दीड महिन्यात रोज सकाळी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला असेल. हाफकिन निर्दय नव्हते. लस खरी आहे हे पक्के ठरल्याशिवाय ती सगळीकडे पोचली नसती, हेही खरे. परंतु त्या २६ जणांची किंमत देऊन ही माहिती मिळाली, हे विसरून कसे चालेल? आज असा प्रयोग करायचा झाला तर प्रत्येकाला सगळे समजावून सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि लशीचा गुण स्पष्ट दिसला की बाकीच्यांनाही ती द्यावी लागते. हे नियम तेव्हा नव्हते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. एका खोलीतून सुरू झालेले काम आता मोठ्या वाड्यात आले. येथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. हाफकिन यांच्या आयुष्यातील हा सर्वांत चांगला काळ होता, आणि तो तीन वर्षेच टिकला.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. लशीची मागणी एकदम वाढली. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल या गावात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानातील पंजाबात आहे. आठवड्याभराने त्यांतील काही जणांचे जबडे आवळू लागले, शरीर धनुष्यासारखे वाकू लागले. तो प्लेग नव्हता; तो धनुर्वात होता. एकूण १९ माणसे मेली. ती सगळी एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

देशभर खळबळ माजली. सरकारने चौकशी आयोग नेमला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला होता. कार्बोलिक आम्ल न घालता ते केवळ उष्णतेने जंतू मारत होते. आयोगाने बोट त्यावर ठेवले. परळच्या प्रयोगशाळेतच बाटलीत घाण गेली, असे त्याने म्हटले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. ज्या देशासाठी त्यांनी दहा वर्षे घालवली होती, त्या देशातून ते अपमान सोसून लंडनला गेले.

पण मोजण्याची आणि पुरावा तपासण्याची सवय असलेला माणूस गप्प कसा बसेल? त्यांनी सारे कागद पुन्हा चाळले. बाटली प्रयोगशाळेत भरल्यापासून मुल्कोवालला उघडेपर्यंत कित्येक आठवडे गेले होते. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत असते, तर बाटलीला घाणेरडा वास आला असता. उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. आणि चौकशीतच आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती : बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता नुसता औषधी पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. गावाच्या मातीत पडलेला तो चिमटा! १९ माणसे मेली होती, त्यांच्या घरच्यांना या तपशिलाने काय समाधान मिळणार? पण दोष कोणाचा हे ठरायला तोच तपशील लागत होता.

हाफकिन यांच्या बाजूने मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस उभे राहिले. त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात पत्र छापले. अखेर त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांच्यावरील दोष काढून घेतला. त्याला पाच वर्षे लागली होती.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नाही. त्यांना कोलकात्याला नेमण्यात आले, तेही माणसांवर नवे प्रयोग करण्याची मोकळीक न देता. काही वर्षे काम करून ते १९१४ साली निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. शेवटच्या काळात ते आपल्या धर्माच्या अभ्यासात रमले. आपली सारी पुंजी त्यांनी यहुदी मुलांच्या धार्मिक शाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव दिले गेले होते. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. तरीही प्लेगने त्या काळात या देशातील एक कोटीहून अधिक माणसे नेली.

प्लेग पसरतो कसा, हे कोडेही याच काळात सुटले. १८९८ साली कराचीत सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवले की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते. प्रथम कोणी मानले नाही. १९०५ नंतर परळलाच मोठे संशोधन झाले आणि सिमों यांचे म्हणणे खरे ठरले. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा माणसाला चावतात. आणि उंदीर जातो कोठे? धान्य जाते तेथे. मांडवीच्या गोदामातून रेल्वेच्या डब्यात, डब्यातून पेठेत, पेठेतून बैलगाडीने पलीकडच्या खेड्यात. हद्दीवरच्या नाक्यांवर माणसांच्या काखा तपासत होते आणि शेजारून पोती बिनधास्त जात होती! बार्शीसारख्या धान्याच्या गावांना यातून धडा मिळाला. घरात किंवा गोदामात उंदीर मरून पडला तर कचऱ्यात न फेकता आधी खबर द्यायची आणि घर सोडून रानात झोपडी घालून राहायचे, हे लोक शिकले.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि बार्शीजवळची ती हद्द पुसली गेली. प्लेगही हळूहळू मागे हटला. १९६६ नंतर देशात त्याचा रोगी आढळला नव्हता. लोक तो विसरले.

पण जंतू विसरला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतही घरांना तडे गेले. भीतीने लोक बाहेर पत्र्याच्या छपरांत राहू लागले आणि धान्य मागे घरांतच राहिले. उंदरांना मोकळे रान मिळाले. बार्शीच्या उत्तरेला असलेल्या बीड जिल्ह्यात मामला नावाचे गाव आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे उंदीर मरू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि महिनाअखेर लोकांच्या जांघांत गाठी दिसू लागल्या. थोड्याच दिवसांत सुरतेतही प्लेगची बातमी आली आणि लोक पुन्हा रेल्वेगाड्या भरभरून पळाले, अगदी १८९६ सारखे. फरक एवढाच की आता इलाज होता. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या होत्या, कीटकनाशक होते आणि मामल्याच्या उंदरीर-पिसवा तपासायला आलेली माणसे होती.

ती माणसे आजही काम करतात. देशात साथीच्या रोगांवर नजर ठेवणारी व्यवस्था आहे. गावच्या आरोग्य केंद्रातून ताप, हगवण, कावीळ यांचे आकडे वर जातात. प्लेगसाठी बंगळूरला वेगळे केंद्र आहे. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू यांच्या सीमा जेथे मिळतात, त्या डोंगराळ भागातील उंदीर पकडून तेथे त्यांचे रक्त तपासले जाते. कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणत्या तारखेला उंदीर सापडला, हे प्रथम लिहितात. मग पिसवा विंचरून काढतात आणि मोजतात.